हेल्मेटाची हळद

परवा भिलाईतल्या जुनवानीत एका ओळखीच्या मुलीच्या हळदीला गेले होते. आता हळदीला वेगळा मांडव असतो, पिवळ्याच कपड्यांचा दंडक असतो आणि फोटोवाल्यांना वाट करून द्यावी लागते. म्हणून मी आपली मागच्या खुर्चीवर बसले. पण वाटीत कालवलेल्या ओल्या हळदीचा नि तेलाचा वास मात्र अजून कुणाला बदलता आलेला नाही. तो आला आणि मी जरा सैलावले. तेवढ्यात पाचसहा मुली मोबाइलमध्ये बघून गाऊ लागल्या,

लेक चालली परघरी, हळद लागली हेल्मेटाले
नवरा गेला बी शिफ्टले, उभी राहाय तू गेटाले

अख्खा मांडव हसला. शेजारची मुलगी मला कौतुकानं म्हणाली, "आंटी, हे आपल्या इकडचं ट्रेडिशनल गाणं आहे. बहोत पुराना." मी मान हलवली. ते मी रचलंय, वयाच्या पंधराव्या वर्षी, क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसून, हे सांगून काय झालं असतं? फार तर तिनं माझ्यासोबत एक फोटो काढला असता. मग पुढचंही सांगावं लागलं असतं, की पोरी, हे विडंबन आहे, आणि ज्याचं विडंबन आहे ते गाणं माझ्या आईचं होतं.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. वडील भिलाईच्या पोलाद कारखान्यात, हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात कारकून होते आणि भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. आमच्या रांगेत एक घर मल्याळी, एक बंगाली, पलीकडे रायपूरकडचं. सगळ्यांचं एकमेकांशी हिंदीत चाले आणि मराठी उंबऱ्याच्या आत. आईच्या गावी हळदीला गाणी म्हणणाऱ्या बायका असत. त्या नवरीच्या नावानं, तिच्या खोड्या नि सवयींसकट, नवंकोरं गाणं बांधत. ते एकदाच म्हणायचं, लिहायचं नाही आणि दुसऱ्या मुलीच्या हळदीत कधी वापरायचं नाही. इथे क्वार्टरांच्या गावात अशी बाई आणायची कुठून? ताईचं लग्न ठरलं तेव्हा आईनं स्वतःच गाणं बांधायला घेतलं. जेमतेम चौथी शिकलेली बाई ती. भाजी निवडताना, सिगडी पेटवताना तिचे ओठ हलत असायचे. मध्येच थबकून ती बोटांवर काही मोजायची आणि स्वतःशीच मान हलवून ओळ बदलायची.

लेक चालली परघरी, हळद लागली अंगाले
दिवा कोण लावन आता, माह्या सांजच्या अंगणाले

हळदीच्या सकाळी आईनं ते म्हटलं आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शेजारच्या बंगाली काकूंना एक शब्दही कळत नव्हता, त्याही रडल्या. ताईच्या गालांवरची हळद ओघळून मानेवर आली होती. आणि मी, घरातली आगाऊ धाकटी, आईचा सूर विरतो न विरतो तोच उभी राहिले आणि त्याच चालीत माझं हेल्मेटाचं गाणं सुरू केलं. नवरदेव राउरकेल्याच्या कारखान्यातला, म्हणून त्यात हेल्मेट आलं, दुपारची बी शिफ्ट आली, सायरन आला, स्कूटर आली. आठ दिवस आईची गुणगुण ऐकत मी ते गुपचूप जुळवलं होतं. रडणाऱ्या बायका एकदम खळखळून हसल्या. ताईसुद्धा हसली. आईनं मला जवळ ओढलं आणि हळदीच्या हातानं माझा गाल कुस्करला. त्या दिवशी मला जी धुंदी चढली, ती पुढे कितीतरी वर्षं उतरली नाही.

महिनाभरात जवळच्या रुआबांध्याला कुणाच्या मुलीची हळद होती. बायका आईच्या मागे लागल्या, तुमचं ते गाणं म्हणा. आई म्हणाली, "ते नाही म्हणता येत बाई, ते माह्या पोरीचं हाय. चोळी कशी मापाची असते, एकीची दुसरीले होत नाही. धाकलीचं म्हणा, ते कोणालेबी चालते." आणि खरंच, ते कुणालाही चाललं. आईचं गाणं तिच्याच नियमानं घरात बसलं आणि माझं गावभर हिंडायला मोकळं झालं. रेल्वेतल्या मराठी बायकांनी ते दुर्गच्या लाइनीनं गोंदिया-नागपूरपर्यंत नेलं. माझी सोळा कडवी होती, लोकांनी त्यात आपली घातली. मूळ गाणं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. विडंबन करणाऱ्याला आधी वाटतं, आपण मूळ गाण्याला गुदगुल्या करतोय, ते जरा हसेल आणि पुन्हा आपल्या जागी उभं राहील. पण लोकांना हसायला मूळ लागतच नाही हो! ते कधी पुसलं गेलं, हे हसण्याच्या गडबडीत कळतही नाही. मला तर ते कळून घ्यायचंच नव्हतं. मी भेटेन तिथे म्हणायचे, हेल्मेटवालं ना, ते माझं.

मग माझी हळद आली. ताई चार दिवस आधी माहेरपणाला आली होती. त्या सकाळी आई लवकर न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्याशेजारी येऊन बसली. तिनं घसा खाकरला. तेवढ्यात मैत्रिणींनी गिल्ला केला, "हेल्मेट! हेल्मेट!" आईनं माझ्याकडे पाहिलं. "काय करू वं? म्हणू का मी?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हणाले, "राहू दे ना आई, तू सगळ्यांना रडवशील. माझंच होऊ दे." ती बरं म्हणाली आणि साऱ्यांच्या आधी तिनंच टाळीचा ठेका धरला. सोळाच्या सोळा कडवी झाली. इतकी मजेची हळद आमच्या सेक्टरात कधी झाली नव्हती, असं लोक म्हणत.

आई गेली ती नव्वद सालानंतर, छत्तीसगड राज्य व्हायच्या आधी. तेरवीचं जेवण आटोपलं, माणसं पांगली. आम्ही दोघी बहिणी स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. ताई आपलं गाणं गुणगुणत होती, तिला ते अख्खं येत होतं. मी गमतीनं म्हटलं, तुझं बरंय ताई, तुला आईचं मिळालं. तिचा हात थांबला.

"तुह्यासाठी बी बांधलं होतं आईनं. तुले माहीत नाही?"

"नाही."

"अवं, अक्षताचे तांदूळ निवडता निवडता म्हणून राहिली होती. मी मागून आयकलं."

आणि ताईनं मला त्या दोन ओळी म्हणून दाखवल्या.

धाकली माही मैना, हासे साऱ्याइच्या पुढे
नळ सोडून मोरीत, एकटीच मंग रडे

ताईची पाठवणी झाल्यावर मी मोरीत जाऊन, नळ पूर्ण सोडून, बादली भरून वाहू लागेपर्यंत रडले होते. बाहेर आले ती हेल्मेटाचं गाणं म्हणतच. कुणाला काही कळलं नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते.

"पुढचं म्हण ना," मी म्हटलं.

"पुढचं कुठलं? मले पाहून ते गप्पच झाली. हळदीलेच आयकजो म्हणे."

माझी सोळा कडवी आज कुणालाही येतात. आईची माझ्यावरची किती होती, तेही मला माहीत नाही.