बाराशे कॅलरींचं व्रत

त्या उन्हाळ्यात मी अर्धवट झोपेतच वावरत होते. वैशाखाच्या दुपारी सगळं सोलापूरच पेंगतं, पण माझी गुंगी भुकेची होती. गुडघे बोलायला लागले म्हणून मी मोबाइलवर वजन घटवायचा एक कार्यक्रम विकत घेतला होता. बारा आठवडे, दिवसाला बाराशे कॅलरी. पंख्याखाली पडलं की मला भाकरी थापल्याचा आवाज यायचा, शेंगाचटणीचा वास यायचा. दचकून डोळे उघडावेत तर चूल थंड आणि शेजारी गार फरशीवर अव्वा आढ्याकडे बघत पडलेली.

अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, कानडी बोलणारं, त्यामुळे आमच्याकडे आईला अव्वाच म्हणतात. घरात आम्ही दोघीच.

तिच्या भाकऱ्या मीच बंद केल्या होत्या. पाकिटावर आकडा छापलेला असतो, भाकरीवर नसतो. मोबाइल विचारायचा, किती ग्रॅम? मी काटा घेऊन ओट्यापाशी उभी राहायचे आणि अव्वा हसायची.

"भाकरी काय सोनं हाय व्हय गं, तोलायला?"

शेवटी वैतागून मी पाकिटातल्या सुपावर आणि डाएट बिस्किटांवर आले. हिशेब अगदी चोख बसायचा. पोट मात्र तासाभरात पुन्हा रिकामं. आता मेथीची भाजी, मुगाची आमटी आणि एक भाकरी खाल्ली की संध्याकाळपर्यंत खाण्याची आठवणही होत नाही. तेव्हा एवढं साधं माझ्या डोक्यात शिरलं नाही, मी शिकलेली होते ना.

मी जेवायला बसले की अव्वाही समोर वाटीभर सूप घेऊन बसायची. "तुझ्यापुरती भाकरी टाक की," म्हटलं तर वाटीवर हात आडवा धरून "साकु" म्हणायची, म्हणजे पुरे. मला वाटलं, उन्हानं जेवण जात नसेल. खरं सांगायचं तर मी तिच्याकडे नीट पाहिलंच नाही.

नवव्या आठवड्यात मी वजन केलं. जेमतेम सव्वा किलो उतरलं होतं. मी चरफडत काट्यावरून खाली आले तेव्हा अव्वा म्हणाली, "थांब, मला बी बघू दे." तिला आकडे वाचता येत नाहीत. ती काट्यावर चढली, मी वाकून पाहिलं. दिवाळीत दवाखान्यात तिचं जे वजन भरलं होतं, त्यापेक्षा पाच किलो कमी. मुळातच काटकुळी बाई. तिच्या झंपरची बाही दंडावर नुसती लोंबत होती.

"अव्वा, तू जेवत का नाहीस गं?"

"तुजं व्रत हाय की. घरात एकीनं धरलं की दुसरीनं साथ द्यायची. तुजं वजन उतरंपर्यंत पोटभर खानार न्हाय, असं देवापुढं बोलले मी."

मला रडू आलं आणि रागही आला, तिचा कमी, माझाच जास्त. कॅलरी म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. पोरगी उपाशी राहून काहीतरी मागतेय, एवढंच तिला कळत होतं.

मी ज्वारीचं पीठ काढलं, न तोलता मळलं. शेंगा कुटल्या, मेथी परतली. वेड्यावाकड्या का होईना, भाकऱ्या भाजल्या आणि ताट तिच्यापुढं ठेवलं. तिनं हात लावला नाही.

"उतरलं का गं वजन?"

"उतरलं."

"समदं?"

"सगळं उतरलं, अव्वा."

तिनं माझा दंड धरला. दाबून पाहिला, बराच वेळ हातात ठेवला. मग भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि माझ्या तोंडाशी आणला.

"आदी तू खा," ती म्हणाली. "मग मी जेवते."