कीर्तनबाईंचा प्रश्न

हेड ऑफिसची मेल आमच्या बहरीनमधल्या, मनामाच्या ऑफिसात कुणी स्वतः वाचत नसे. ती बाईंच्या तोंडूनच ऐकायची. चहाच्या वेळी पॅन्ट्रीत बाई ओढणी कमरेला खोचत, घसा खाकरून "मंडळी!" म्हणत आणि अमेरिकेहून आलेल्या मेलवर रीतसर कीर्तन लावत. पूर्वरंगात मालकांचे थोर विचार, उत्तररंगात त्या विचारांचं प्रत्यक्षात काय झालं त्याचं आख्यान. त्यांचे वडील सांगलीकडचे कीर्तनकार, आणि लेक बहरीनमध्ये ॲडमिन. आम्ही त्यांना कीर्तनबाई म्हणायचो, अगदी तोंडावर.

जून महिना आला की समलिंगींच्या 'प्राइड'साठी तिकडच्या ऑफिसचं बोधचिन्ह सप्तरंगी व्हायचं. आमचं निळंच राहायचं. "कंपनीची तत्त्वं फार मोठी हो," बाई म्हणायच्या, "पण त्यांना इकडचा व्हिसा मिळत नाही." पुढे अमेरिकेत सरकार बदललं आणि तिकडचेही रंग रातोरात उतरले. 'इथे सगळ्यांचं स्वागत आहे' ही भिंतीवरची पोस्टरं काढा, असा आम्हालाही हुकूम आला. त्यांच्या जागी पाळण्यातलं गोरं गोमटं बाळ लागलं, खाली 'कुटुंब हाच पाया'. नवी पोस्टरं लावून बाई स्टुलावरून उतरता उतरता म्हणाल्या, "खिळे तेच ठेवलेत हं. परत लागतील."

मालक मोठे भाविक. टेक्ससहून व्हिडिओवर सभा घेताना आधी डोळे मिटून प्रार्थना करत. मुलं जन्माला येऊ द्या, घरं भरू द्या, असं सांगणाऱ्या पुढाऱ्यांना ते सढळ हाताने देणग्या देत आणि हेही सभेत सांगत. शेवटी कर्मचाऱ्यांचा एक प्रश्न असे. तो एचआर लिहून देई आणि बाई वाचून दाखवत, कारण त्यांचं इंग्रजी खणखणीत. 'सर, तुमच्या यशाचं रहस्य काय?' हा बहुतेक ठरलेला.

त्या वर्षी आमच्या रिसेप्शनवरची नसीमा, दापोलीची पोर, सातव्या महिन्यात होती. बाळंतपणाची रजा मागताच तिला कळलं की तिचं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू ठेवता येत नाही. कारण, पुनर्रचना. नवऱ्याची नोकरी आधीच गेलेली, दोघंही तिच्याच व्हिसावर. "खलास, बाई," ती पॅन्ट्रीत रडत म्हणाली. "तुमी मात्र माज्यासाठी अडचणीत येव नका."

"गप गं. आधी खजूर खा," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी कीर्तन केलं नाही, आणि मला तेव्हाच धास्ती वाटली.

सभेत मालकांनी जगातल्या समस्त बाळांसाठी प्रार्थना केली. मग बाई उठल्या. एचआरचा कागद त्यांनी टेबलावर पालथा घातला, ओढणी खोचली. भाषा इंग्रजी होती, चाल मात्र कीर्तनाचीच. "सर, बाळ म्हणजे देवाचा प्रसाद, असं तुम्ही आत्ताच म्हणालात. आमच्या नसीमाला तोच प्रसाद मिळतोय, म्हणून एचआरनं तिला काढलंय. आम्ही प्रार्थना तुमच्या देवाची करायची की एचआरच्या?"

पडद्यावर मालक तोंड उघडं ठेवून थांबले. आम्हाला वाटलं, नेट गेलं. मग "गॉड ब्लेस हर" म्हणून त्यांनी सभा आवरली.

नसीमाची नोकरी राहिली, रजाही मिळाली. एवढंच नव्हे, तिच्या लेकीचा फोटो कंपनीच्या नव्या पोस्टरवर झळकला. ते लावायला बाई नव्हत्या. त्यांची पुनर्रचना झाली होती.

निरोपाला कंपनीनं त्यांना 'वुई आर फॅमिली' लिहिलेला कॉफीचा मग दिला. त्यात त्यांनी पॅन्ट्रीतला शेवटचा चहा घेतला, तो मग विसळून एचआरच्या टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाल्या, "घरचं भांडं घरातच बरं." विमानतळावर मी रडलो, त्या नाही. "मी गेले तरी सभा बंद पडत नाही रे," एवढंच म्हणाल्या.

बाईंशिवाय ऑफिस मला अजून खायला उठतं. सभा खरंच बंद पडली नाही. गेल्या सोमवारी प्रश्न वाचायची पाळी माझी होती. मालकांनी नसीमाच्या लेकीचं पोस्टर दाखवून कुटुंबावर प्रवचन दिलं. मग एचआरनं मला खूण केली. मी उठलो. मागच्या रांगेत नसीमा ताठ बसली. कमरेला खोचायला ओढणी नव्हती, म्हणून मी बाह्या सारल्या आणि कागद पालथा घातला.

"सर," मी म्हणालो, "या कुटुंबातल्या आमच्या बाई कुठे आहेत?"