तत्सम उपकरणे

आमच्या तयार कपड्यांच्या कारखान्यात काजमावशींचं खरं नाव ठाऊक असलेला मी एकटाच असेन, तेही पगारपत्रक मी करतो म्हणून. बावीस वर्षं त्या काजाच्या मशीनवर बसतात. इतर शिवण चुकली तर उसवता येते. काजाचं तसं नाही. टाके पडले की लगेच सुरी खाली येते आणि कापड चिरते. जागा जरा हुकली, की शर्ट बाद.

गेल्या वर्षापासून त्यांच्या कानात शिट्टी वाजते. बाहेर कोणी वाजवत नाही, आतच वाजते, आणि मशीनच्या घरघरीतही ऐकू येते. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही. एका कानात हलक्या आवाजात गाणी चालू ठेवा, शिट्टीवरचं लक्ष उडेल. तोवर एका महिन्यात सात शर्ट बाद झाले होते. सुपरवायझरने सांगून टाकलं, पुढच्या महिन्यात असंच झालं तर मशीन दुसरीला देऊ, तुम्ही धागे कापायला बसा. धागे कापणारीला निम्मा पगार मिळतो.

मोबाइल आत चालत नाही. दारावरच्या लाकडी खोक्यात ठेवून बिल्ला घ्यावा लागतो. म्हणून नुसती गाणी वाजवणारा छोटा प्लेअर हवा होता, दीड हजाराच्या आत. कारखान्याची किरकोळ खरेदी माझ्याकडे असते. मावशी म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही सोबत या. मला एकटीला गुंडाळतील."

दुकानदार दोघांनाही गुंडाळायला तयार होते. पहिल्याने तर वस्तू दाखवायचेही कष्ट घेतले नाहीत.

"मावशी, हे आता वापरतं कोण? मोबाइल घ्या."

"आहे की. तो कामावर खोक्यात पडून असतो."

"मग घरी ऐका."

"घरी मी काजं करत नाही."

दुसऱ्याने काचेचा चकचकीत प्लेअर काढला. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत हजारो गाण्यांची बढाई. खोदून विचारल्यावर कळलं की त्या गाण्यांसाठी लागणारं कार्ड वेगळं विकत घ्यायचं. म्हणजे पेटी एका किमतीला आणि पेटीचा तळ दुसऱ्या किमतीला. मी तसं बोललो, तर म्हणाला, "साहेब, सगळीकडे असंच असतं." सगळीकडे असतं म्हणून ते बरोबर कसं, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

त्याने दुकानातलं नमुन्याचं कार्ड घालून गाणं लावून दाखवलं. आम्ही कामावरून थेट आलो होतो. मावशींनी तो प्लेअर एप्रनच्या खिशात टाकला, नजर समोरच्या भिंतीवर ठेवली आणि खिशातल्या खिशात गाणं थांबवू लागल्या. बोट गुळगुळीत काचेवर फिरत राहिलं. गाणं थांबेना.

"याच्याकडे बघायला मान वळवली तर सुरी माझ्या बोटावर येईल," त्या म्हणाल्या.

"सवय होईल हो, मावशी."

"कशाची, बोट कापून घ्यायची?"

तिसऱ्या दुकानात हवं ते सापडलं. काडेपेटीएवढा, उठावदार बटणांचा, चिमट्याने अडकवायचा, कार्डासकट चौदाशेला. कॅमेरा नाही, रेकॉर्डिंग नाही, हे मी तपासलं. बॅटरी वीस तास चालते, हे बिलावर लिहून घेतलं. दुकानदार कुरकुरला, पण लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने तो दारातच काढून घेतला. मावशी रिकाम्या कानाने मशीनवर गेल्या आणि मी तावातावाने दारावर गेलो.

"यात फोन नाही, कॅमेरा नाही. कशाच्या आधारावर घेतलात?"

त्याने भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. 'मोबाइल फोन, कॅमेरा व तत्सम उपकरणे आत नेण्यास सक्त मनाई आहे.'

"हे तत्सम आहे," तो म्हणाला.

"तत्सम म्हणजे काय, माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही. लिहिणाऱ्याला असेल. खाली सही बघा की."

सही माझी होती.

अडतीस वर्षं मी पत्रांत 'इत्यादी' आणि 'तत्सम' लिहीत आलो. यादी मोकळी ठेवावी, म्हणजे पुढे अडचण येत नाही, असं आम्हाला कॉमर्सच्या वर्गात शिकवलं होतं. कोणाला येत नाही, ते शिकवलं नव्हतं.

दुपारपर्यंत मी नवी सूचना तयार केली. बंदी असलेली प्रत्येक वस्तू नावानिशी लिहिली, 'तत्सम' काढून टाकला. मावशींना घेऊन मॅनेजरकडे गेलो. त्यांनी ती वाचली आणि पेन टेबलावर ठेवलं.

"असू द्या हो तो शब्द, सोयीचा आहे. उद्या सगळेच कानात काहीतरी घालून बसतील."

"साहेब," मावशी म्हणाल्या, "माझ्या कानात आधीपासूनच वाजतंय. तुमच्या वॉचमनला ते काढून घेता आलं तर बघा."

मॅनेजर हसले नाहीत. शब्दही काढला नाही. पुढे फक्त 'लेखी परवानगीखेरीज' एवढं जोडलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडून घेऊन तीन महिन्यांची परवानगी दिली. आता बावीस वर्षं ओळखणाऱ्या वॉचमनला मावशी रोज सकाळी तो कागद दाखवतात. तो रोज उलगडून वाचतो. मला अजूनही ते बघवत नाही.

त्या महिन्यात काजाचा एकच शर्ट बाद झाला. मशीन मावशींकडेच राहिलं. परवानगी संपायच्या आधी मी निवृत्त होतो, आणि माझ्या खुर्चीवर कोण येणार ते अजून ठरलेलं नाही. म्हणून मुदतवाढीचे चार अर्ज मी आत्ताच लिहून मावशींच्या हाती दिले आहेत. तारखेची जागा तेवढी मोकळी आहे.