पिसांची टोपी आणि मुलाचा बाप

२०१९ साल. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि तोवर कोणापुढे वाकलो नव्हतो. (मास्तरांपुढेही नाही, म्हणून तर दुसरीतच शाळा सुटली.)

त्या थंडीत वेळणेश्वरला आमच्या गावात सिनेमावाले आले. समुद्री चाच्यांचा सिनेमा! त्यांना मिशीवाले म्हातारे हवे होते. माझी मिशी गावात एक नंबर! पण नेमके तेव्हाच मंडणगडहून आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, आलेले. दिग्दर्शक बाईंनी आम्हा दोघांना न्याहाळलं आणि व्याह्यांना दिली पिसांची टोपी, लाल कोट, पितळी दुर्बीण. मला फाटकी बंडी आणि वल्हं!

"बाई, मी मुलाचा बाप आहे."

"कोणाचा?"

"ह्यांच्या जावयाचा हो! व्याह्यांनी टोपी मिरवायची आणि मुलाच्या बापाने वल्हं मारायचं? असं आमच्यात होत नाही!"

"आजोबा, इथे कोणाला बोलायचंच नाही. टोपी बघून लोकांना कळतं हुकूम कोणाचा. टोपी ज्याच्या डोक्यावर, तो सरदार."

"गप ऱ्हावा हो," आमची बायको गर्दीतून म्हणाली. "वल्हं शोभतंय तुम्हाला!"

दुपारी व्याही टोपी, कोट, दुर्बीण होडीवर ठेवून जेवायला गेले. मी सगळं चढवलं. आणि काय चमत्कार! एकाने खुर्ची आणली, एकाने छत्री धरली. बांधावरून तीस वर्षं माझ्याशी न बोलणारा चुलतभाऊ (तोही चाचा झालेला) चक्क सलाम ठोकून गेला!

बाई आल्या. "सरदार बदलला?"

"बदलला!" मी दुर्बिणीतून (उलट्या बाजूने) बघत म्हटलं.

व्याही हसले. "असू दे बाई. मान त्यांचाच." आणि निमूट माझी बंडी घातली. तिथेच मला संशय यायला हवा होता! सकाळी बाईंनी गोष्ट सांगितली तेव्हा ते ऐकत होते. मी मिशीला तेल लावत होतो.

"आता खलाशी बंड करतात," बाई म्हणाल्या. "सरदार गुडघे टेकतो आणि आपली टोपी वल्हेवाल्याच्या डोक्यावर ठेवतो."

मी दुर्बीण खाली घेतली. गप वल्हं धरून बसलो असतो, तर व्याहीच माझ्यापुढे गुडघे टेकणार होते!

"गुडघे टेकणार नाही!"

"आजोबा, ऊन जातंय."

"जाऊ दे!"

मग मी उभ्या उभ्याच टोपी व्याह्यांकडे भिरकावली. ती वाऱ्यावर थेट समुद्रात! निम्मे चाचे पाण्यात धावले. दुसऱ्या वेळी मासळी निवडायला बसावं तसा उकिडवा बसलो. बाईंनी कपाळावर हात मारला.

"अवो, टेका की एकदाचे!" बायको ओरडली. "भात गार झाला!"

टेकले! ओली टोपी व्याह्यांच्या डोक्यावर ठेवली. गावाने टाळ्या पिटल्या. सगळ्यात जोरात आमच्या सुनेने.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर व्याही पडवीत, तीच टोपी घालून! (खाऱ्या पाण्याने खराब झाली म्हणून सिनेमावाल्यांनी त्यांनाच देऊन टाकलेली.)

"व्याही, जरा च्या मिळेल काय?" त्यांनी मला विचारलं.

सुनेला हाक मारायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात टोपीवरचं पीस हललं. मी मुकाट आत गेलो, च्या घेऊन आलो आणि कप पुढे करत विचारलं, "साखर पुरे ना, सरदार?"