चाचांच्या स्लॅबवरची रुई

शेजारच्या चाचांच्या स्लॅबवर वाढलेलं सगळं रान मी उपटून टाकलं, तेही न विचारता. ते दोन दिवस लेकीकडं उमरग्याला गेले होते. पावसाआधी मातीच्या माळवदावरचं गवत काढलं नाही तर घर गळतं, हे आमच्या धाराशिवात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हटलं, तेवढंच पुण्य!

चाचा जुने गवंडी. बोलण्याआधी समोरची भिंत बोटानं वाजवून बघतात. पाणी झिरपणार नाही असा स्लॅब करून त्यांनी वर मुद्दाम माती पसरली होती, किड्या-पाखरांसाठी रुई आणि तरवड लावले होते, हे मला मागाहून कळलं.

परत आल्यावर ते रागावले नाहीत. भिंत वाजवली नि म्हणाले, "मालक, रुईवर आमचे पाव्हणे होते." मग मी रान फेकलं होतं त्या उकिरड्यावर वाकून एकेक पट्टेरी अळी पानासकट वेचू लागले. लाजत मीही वेचल्या. स्लॅबवर ताज्या रुईच्या फांद्या बादलीत उभ्या करून आम्ही अळ्या त्यांच्यावर सोडल्या.

पंधरा दिवसांनी सकाळीच हाक आली, "मालक, पळा! निगालं!"

मी दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेलो. फांदीवर केशरी फुलपाखरू ओले पंख वाळवत होतं! हरखून मी बोट पुढं केलं, तर चाचांनी मनगटच धरलं.

"लांबून बगा. तुमचा हात लई कामाचा हाय, आमाला परवडत न्हाय."