कडी बाहेरून

शनिवारची शाळा सुटली आहे. तीनला सभा आहे, म्हणून घरी न जाता मी शिक्षक-खोलीतच टेबलावर डोकं टेकते. डोळा लागता लागत नाही. मुख्याध्यापिका इनामदारबाईंचं सकाळचं बोलणं डोक्यात घोळतंय. "प्रणितनं यंदाचं वर्ष घरूनच करावं. परीक्षेपुरतं यावं. त्याच्याच सुरक्षेसाठी हो." तीनला शाळा समितीच्या सभेत हेच ठरायचंय. बाई वाईट नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर धड चिडताही येत नाही.

कबड्डीत हरलेल्या कप्तानाच्या हातात विजेत्यांनी बांगड्या भरायच्या, ही आमच्या शाळेची जुनी खोड. बाकीची पोरं त्या मैदानातच फोडून टाकतात. नववीतल्या प्रणितनं काढल्याच नाहीत. तसाच गणिताच्या तासाला येऊन बसला. पोरांनी छेडलं तेव्हा म्हणाला, मला बांगड्या आवडतात, आणि मुलगेही आवडतात. दुसऱ्या दिवशी सायकल स्टँडमागे चौघांनी त्याचा दात पाडला. ते चौघं आज वर्गात होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. पण खरं सांगते, मलाही आतून वाटतंय, राहू दे त्याला घरी. निदान जिवंत राहील.

कुणीतरी माझ्या खुर्चीला लाथ घालतं.

मेलेली माणसं स्वप्नात शांत होऊन येतात म्हणे. माझा थोरला भाऊ शशीदादा शिवी देतच येतो. सोळाव्या वर्षी गेला, अजून तेवढाच आहे. ओठ फुटलेला, शर्टाला एक बटण नाही.

"झोपतीस काय गं माले? ऊठ."

"दादा, तू तर..."

"मेलोय. ठाऊक आहे मला. चल."

तो दंडाला धरून ओढतो. दाराबाहेर व्हरांडा नाही, थेट मैदान आहे. चौघं कुणालातरी तुडवतायत. मी एकाची कॉलर पकडते आणि थोबाडीत हाणते. त्याचं नाक फुटतं. मला बरं वाटतं, लपवत नाही. पुन्हा हाणते. दादा बाजूला उभा राहून हसतो.

"मलापण इथंच मारलं होतं," तो म्हणतो. "एका पोराचा हात धरला म्हणून. पण इथं घंटा व्हायची. घंटा झाली की थांबायचे."

"मग?"

"मग हेडमास्तरांनी आण्णांना बोलावलं. पोराला जरा घरी ठेवा म्हणाले. घरात कुठली आलीय घंटा?"

मैदानाची माती संपते तिथं आमच्या जुन्या घराची फरशी लागते. मागच्या खोलीचं दार बंद आहे, बाहेरून कडी घातलेली. दादा आता माझ्याजवळ नाही, आत आहे. आतून आण्णांच्या पट्ट्याचा आवाज येतो. आई चुलीपुढं भाकरी थापतेय. फटका बसला की तिचा हात थांबतो, मग पुन्हा चालू होतो. जिन्यावरून पडला, असं उद्या ती सगळ्या गल्लीला सांगणार आहे.

"माले, दार काढ की."

तेव्हा मी लहान होते आणि कडी माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. आता ती छातीशी आहे. मी दोन्ही हातांनी ओढते. गंजून बसली आहे, हलत नाही. आत फटके चालूच आहेत. मी पाय दाराला लावून ओढते, तळहाताची सालं निघतात, आणि कडी चौकटीसकट उपसून येते.

आत इनामदारबाईंचं ऑफिस आहे. सभासद बशीत चहा ओतून पितायत. प्रणितचे वडील हाताला पट्टा गुंडाळत अदबीनं बोलतायत, सकाळी बोलले होते तेच. "माझ्या ताब्यात द्या मॅडम. महिन्याभरात सरळ करतो." टेबलाखाली कुणीतरी पडलंय. ओठ शशीदादाचा आहे आणि समोरचा दात नाही.

मी टेबल उलथून टाकते. कप फुटतात, चहा सगळ्यांच्या मांडीवर जातो. मी पट्टा हिसकावते आणि त्या माणसाला भिंतीशी रेटते. कुणी मला आवरत नाही. मला रडू फुटतं, रागाचंच.

"आता कशाला रडतीस?" दादा मागून म्हणतो. "उंच झालीस की."

"मॅडम, सभा बसली." शिपाई सखूबाई माझा खांदा हलवतायत. मी डोळे उघडते. शिक्षक-खोलीच्या दाराला पडदा आहे, कडी नाहीच. माझे दोन्ही तळहात सोलले आहेत, आणि त्यांना लाल गंज लागलाय.

"अगंबाई, हे काय? हात तरी धुऊन घ्या."

"नंतर," मी म्हणते, आणि सभेला जाते.