समोरचं स्टूल

मास्तरांना कसलाही आजार नव्हता. तरी सकाळी दहाच्या ठोक्याला स्वारी दवाखान्यात हजर. टोकन घ्यायचं, बाकावर बसायचं, पिशवीतून शर्ट काढून काजं करायला घ्यायची. नंबर जवळ आला की मागच्याला म्हणायचं, "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही."

मास्तर म्हणजे शिंपी. दुकानात चाळीस वर्षं वाटणी ठरलेली: कापणं-शिवणं मास्तरांचं, काज-बटण बायकोचं. मशीनसमोरच्या स्टुलावर बसून ती हातानं काजं करायची आणि तोंडानं मास्तरांची बिनपाण्यानं करायची. ती गेली आणि बिनबटणांच्या शर्टांचा ढीग साचला. त्या शांततेत सुई हातात धरवत नसे. एखादं गिऱ्हाईक स्टुलावर टेकायला गेलं तर मास्तर पटकन म्हणत, "तिथे नको."

एकदा रक्तदाब तपासायला ते दवाखान्यात गेले. वेळ जाईना म्हणून पिशवीतला शर्ट काढला. शेजारची म्हातारी गुडघ्यांचं रडगाणं गात होती, पलीकडे कुणी सुनेच्या नावानं बोटं मोडत होतं. तासाभरात सहा काजं झाली! मास्तरांना आपलंच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तिसऱ्याही दिवशी.

दीड महिन्यानं टोकन देणाऱ्या बाईंनी हटकलं.

"मास्तर, तुम्हाला होतंय तरी काय?"

"काही नाही."

"मग? बाक आजाऱ्यांसाठी आहे. काल एक बाई तापात उभी होती."

खरंच होतं ते. मास्तरांनी मान खाली घालून शर्टाची घडी केली आणि निघाले. एवढं एक बसायचं ठिकाण होतं, तेही गेलं.

चार दिवस ते दुकानातच बसून राहिले. टोकनवाल्या बाईंच्याच वडिलांचा शर्ट राहिला होता. रिकाम्या स्टुलाकडे बघत, बायकोचे हात आठवत मास्तरांनी तो कसाबसा पुरा केला आणि पाठवून दिला.

पाचव्या दिवशी बाई तोच शर्ट घेऊन दारात. "अहो, काजं बायकांच्या बाजूला केलीत! बाबा सकाळपासून बटणांशी झटापट करतायत."

मास्तरांनी शर्ट उलगडला. अशी चूक नवशिक्यासुद्धा करत नाही.

"ती समोर बसायची हो," ते म्हणाले. "तिचे हात मी कायम समोरूनच पाहिले. तसंच करत गेलो, डावं-उजवं सुचलंच नाही." आणि त्यांना रडू फुटलं. बायको गेल्यापासून ते कुणासमोर रडले नव्हते. "कापलेलं काज जुळत नाही. नवा शिवून देतो."

"राहू द्या, बाबा घालतील तसाच." बाई जरा घुटमळल्या. "उद्या या. पण टोकन घ्यायचं नाही. आणि गर्दी झाली की उठायचं."

दुसऱ्या दिवशी मास्तर स्टूल उचलूनच घेऊन आले. आपल्यापायी कुणी उभं राहायला नको. पण त्यावर बसायचा धीर होईना. शेवटी ते बाकाच्या टोकाला बसले आणि स्टूल समोर ठेवलं.

साडेदहाला बाक भरलं. धाप लागलेले एक गृहस्थ आत आले, भिंतीला टेकले आणि स्टुलाकडे बोट करून म्हणाले, "इथे कोणी बसतं का?"

मास्तरांची सुई काजातच थांबली. टेबलामागून बाई बघत राहिल्या.

"नाही," मास्तर म्हणाले, "आता कोणी नाही. बसा तुम्ही."